घरातले कॉम्प्युटर एकाच वायफायवर, तरी एकमेकांना दिसत नाहीत? या चुका टाळा

दोन्ही विंडोज लॅपटॉपवर नेट व्यवस्थित चालतंय, दोन्हीकडे वायफायचं नावही तेच, पण फाईल एक्सप्लोररमध्ये 'नेटवर्क' उघडलं की दुसऱ्या लॅपटॉपचा पत्ताच नाही. मग बहुतेक जण काय करतात, आधी फायरवॉल बंद करतात, मग अँटिव्हायरस काढून टाकतात, त्यानेही नाही झालं तर राउटर रिसेट मारतात आणि आता वायफायच बंद पडलं म्हणून अजून वैतागतात. कृपा करून यातलं काहीच लगेच करू नका, आधी पाच मिनिटं देऊन एक गोष्ट तपासा.

'दिसत नाही' आणि 'पोचता येत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणं ही सगळ्यात मोठी चूक. नेटवर्कमध्ये जी यादी दिसते ती म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरने "मी इथे आहे" असं ओरडून सांगितलेलं असतं त्याची नोंद. एखादा ओरडलाच नाही तर यादीत येणार नाही, पण पत्ता माहीत असेल तर त्याच्या दारापर्यंत जाता येतंच. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड द्या, आयपीव्ही४ समोरचा आकडा लिहून घ्या, समजा १९२.१६८.१.७ आला. आता पहिल्या कॉम्प्युटरवर फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि लगेच तो आकडा टाकून एंटर मारा. फोल्डर दिसले, किंवा युजरनेम पासवर्ड मागितला, किंवा अगदी परवानगी नाही असं म्हणाला तरी ती चांगली बातमी आहे, म्हणजे रस्ता मोकळा आहे आणि राउटरला हात लावायची गरज नाही. काहीच झालं नाही तर रस्त्यात काहीतरी आडवं आलंय असं धरून पुढे शोधा.

इथे पिंगवर, म्हणजे दुसरा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघायच्या कमांडवर, आंधळा विश्वास ठेवू नका. विंडोजची फायरवॉल पब्लिक नेटवर्कवर पिंगला मुळात उत्तरच देत नाही, त्यामुळे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं म्हणजे कनेक्शन नाही असं होत नाही. पण त्याच पिंगमध्ये आपल्याच कॉम्प्युटरचा आयपी दाखवून 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर ते जास्त कामाचं आहे, कारण त्याचा अर्थ समोरच्याचा हार्डवेअर पत्तासुद्धा मिळाला नाही. म्हणजे एकतर तो कॉम्प्युटर झोपलाय, नाहीतर मध्ये कोणीतरी दोघांना बोलू देत नाहीये.

हा 'कोणीतरी' बहुतेक वेळा राउटरच असतो. गेस्ट वायफाय मुद्दाम तसंच बनवलेलं असतं, पाहुण्याला नेट मिळावं पण घरातल्या मशीन दिसू नयेत, आणि कधीतरी घाईत एक लॅपटॉप गेस्टला जोडलेला असतो तो तसाच राहतो. मेन वायफायवर सुद्धा एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचं सेटिंग असतं, ते चालू असेल तर वायफायवरच्या उपकरणांना इंटरनेट मिळतं, पण ती आपसात बोलू शकत नाहीत. वायरने जोडलेला पीसी दिसतोय पण वायफायवरचे दोन लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत असं असेल तर पहिला संशय ह्याच्यावर घ्या. एक २.४ गिगाहर्ट्झवर आणि दुसरा ५ वर म्हणून दिसत नसतील असं बरेच जण सांगतात, पण एकाच राउटरचे हे दोन बँड साधारणपणे एकाच नेटवर्कात असतात, त्यात वेळ घालवू नका.

दुसरा प्रकार दोन राउटरचा, आणि ह्याने मला स्वतःला दोन संध्याकाळी अडकवलं होतं. इंटरनेट कंपनीने दिलेला एक बॉक्स असतो, त्याची रेंज पुरत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो, त्याला तेच वायफायचं नाव आणि तोच पासवर्ड देतो, आणि वाटतं आता एकच मोठं वायफाय झालं. प्रत्यक्षात दुसरा राउटर आत स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवून बसतो. माझ्याकडे एका लॅपटॉपला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता होता आणि दुसऱ्याला १९२.१६८.० ने, आणि मी ते आकडे शेजारी ठेवून बघितलेच नव्हते, सगळा वेळ विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधत होतो. सबनेट मास्क (आयपीकॉन्फिगमध्ये पत्त्याच्या खालीच दिसतो) २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखेच हवेत. ह्याची अजून एक खूण म्हणजे आतल्या राउटरवरून बाहेरच्या कॉम्प्युटरपर्यंत जाता येतं पण उलट येता येत नाही. उपाय सोपा आहे, दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पसरवतो. तसा मोड नसेल तर त्याला आधी पहिल्याच्या रांगेतला पण कोणी वापरत नसलेला पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि वायर वॅन पोर्टमधून (इंटरनेटची वायर लागते तो) काढून लॅन पोर्टमध्ये लावा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आधी ते सोडवा. आणि ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून बघा, बरेच व्हीपीएन घरातलं नेटवर्क तोडून टाकतात.

आता रस्ता मोकळा आहे पण यादीत नाव नाही, किंवा पत्ते बरोबर असूनही दार उघडत नाही, तर विंडोजकडे वळा. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट ते बघा, घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट हवं आणि ते दोन्ही कॉम्प्युटरवर हवं, एकावर करून भागत नाही. राउटर बदलला की विंडोज बऱ्याचदा त्याला नवीन नेटवर्क समजून परत पब्लिक करतं, म्हणून "काल चालत होतं" असं होतं. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल शेअरिंग चालू करा. तरी नाव येत नसेल तर जो दिसत नाही त्या कॉम्प्युटरवर सर्व्हिसेस उघडून 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ऑटोमॅटिक करून सुरू करा, ओरडण्याचं काम तीच करते.

आणि आता जी चूक मला खरंच काळजीची वाटते ती. जुन्या लेखांत आणि व्हिडिओत सर्रास सांगतात की विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा, कॉम्प्युटर दिसायला लागतील. पूर्वी ती यादी एसएमबी १ च्या आधारावरच बनायची म्हणून हा उपाय लागूही पडायचा. पण याच एसएमबी १ मधल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, कोणी काही क्लिक न करता. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्च २०१७ मध्येच दिला होता, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमधून एसएमबी १ काढायला सुरुवात केली. फक्त यादीत नाव दिसावं म्हणून ते परत आणू नका, वरची सर्व्हिस तेच काम करते. तसंच होमग्रुप, म्हणजे विंडोजची घरातल्या शेअरिंगची जुनी सोय, शोधत बसू नका, तो २०१८ मध्ये १८०३ आवृत्तीत काढून टाकलाय. वर्कग्रुपचं (विंडोज कॉम्प्युटरच्या गटाचं) नाव सारखं नसलं तरी पत्त्याने पोचता येतं.

पासवर्ड विचारतो आणि काहीही टाकलं तरी घेत नाही, हीसुद्धा नेहमीची अडचण. लॅपटॉप उघडायचा पिन इथे चालत नाही, पिन त्या एका मशीनपुरताच असतो. लोकल अकाउंटला पासवर्डच नसेल तरी नेटवर्कवरून आत घेत नाही. अशा वेळी लोक वैतागून पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करतात आणि एव्हरीवनला पूर्ण हक्क देऊन टाकतात, म्हणजे वायफायचा पासवर्ड ज्याला माहीत आहे त्याला सगळ्या फायली मोकळ्या. त्यापेक्षा फायली असलेल्या कॉम्प्युटरवर पासवर्डवालं एक साधं लोकल अकाउंट बनवा, फक्त शेअरिंगसाठी, आणि हवा तेवढाच फोल्डर त्याला द्या. विंडोज ११ प्रो २४एच२ वर गेल्यावर अचानक जुना नेटवर्क ड्राइव्ह उघडेना झाला असेल तर तो बिनपासवर्डचा असण्याची शक्यता खूप आहे, गेस्ट म्हणून जाणं तिथे बंद केलंय, त्या ड्राइव्हवरही युजर आणि पासवर्ड बनवा.

फायरवॉल बंद करायचीच तर मिनिटभर चाचणीपुरती, आणि चाललं तर लगेच परत चालू करून त्यात फक्त फाईल अँड प्रिंटर शेअरिंगला प्रायव्हेटवर परवानगी द्या. राउटरमध्ये ४४५ नंबरचा पोर्ट (फाईल शेअरिंगचं दार) बाहेरून उघडा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, घरातल्या घरात फायली द्यायला त्याची काहीच गरज नसते.

सगळं जुळलं की राउटरच्या डीएचसीपीमध्ये फायली असलेल्या कॉम्प्युटरचा पत्ता रिझर्व्ह करून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की बनवलेला शॉर्टकट तुटतो. आणि त्या कॉम्प्युटरची स्लीप सेटिंग बघा, तो झोपला की वायफायही बंद होतं आणि परत तीच तक्रार सुरू होते.