पुलीला आंघोळ घालण्याआधी

सगळ्यात आधी पंखे. पाणी, शाम्पू, टॉवेल नंतर बघू. घरात उभे पंखे किती ते मोजा. 3 पेक्षा कमी असतील तर आज आंघोळ नाही. मागच्या नोव्हेंबरात बुडापेस्टच्या फ्लॅटमध्ये मी आमच्या पुली कुत्र्याला, कांबळ्याला, एका हेअर ड्रायरच्या भरवशावर टबात उतरवलं. रात्री हात फिरवला तर कोरडा. मी खूश. चौथ्या दिवशी घरभर वास सुटला, श्रावणात न वाळलेल्या घोंगडीचा. पोटाखालची जट दाबून बघितली तर मुळाशी ओल तशीच. बुरशी धरलेल्या 17 जटा कापाव्या लागल्या, आणि त्या पुन्हा तेवढ्या वाढायला काही वर्षं जातात.

पुली न पाहिलेल्यांसाठी: हंगेरीतलं मेंढ्या वळणारं कुत्रं, नर 13 ते 15 किलोचा. फेसबुकवाल्या झुकरबर्गचा ‘बीस्ट’ नावाचा कुत्रा हाच, फक्त पांढरा. गवताळ माळावर राखणीला थोराड पांढरा कोमोंडोर, आणि कळप वळायला बहुतेक काळा पुली, म्हणजे मेंढ्यांच्या गर्दीत मेंढपाळाला लांबूनही दिसतो. बाहेरचे राठ केस आणि आतली मऊ लव एकमेकांत गुंतून जटा होतात. माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “जट आलीय, आता देवाला सोडा!” असो.

दिवस निवडताना पुढचे 2 दिवस मोकळे हवेत. हो, 2. आंघोळीला दीड तास लागतो, वाळायला दीड दिवस. पाहुणे नकोत, पार्सल नको. पुलीचा परक्या माणसावर विश्वास नाही. बेल वाजली की ओलाचिंब गडी भुंकत दारापर्यंत जाणार आणि भिंती तुम्ही पुसणार. सकाळी तासभर पळवून दमवा, नाहीतर पंख्यासमोर बसवणं विसरा. कळप नसेल तर हा घरातल्या माणसांना वळतो, आमच्या धाकटीला तर रोज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये हाकतो. आणि फसवून टबात नेऊ नका. डोकं फार तल्लख आहे. एकदा फसला की पुढचं वर्षभर बाथरूमचं दार उघडलं तरी सोफ्याखाली.

ब्रश नाही. कधीच नाही. कोरडा असतानाच काड्या, कुसळं वेचून घ्या आणि कातडीजवळ एकमेकींना चिकटलेल्या जटा बोटांनी फाडून वेगळ्या करा. कंटाळवाणं आहे, पण भिजल्यावर तो गुंता आणखी घट्ट बसतो.

पाणी कोमट. शाम्पू बादलीत पातळ करून ओता आणि स्पंजासारखं दाबत जा. चोळू नका, चोळलंत तर सतरंजी विणली जाईल. मग धुवा, आणि धुतच राहा. जट पिळल्यावर स्वच्छ पाणी येईपर्यंत मला 40 मिनिटं लागतात. साबण आत राहिला की खाजवून कातडी सोलून घेतो.

टॉवेल 14, जुने. एकेक जट मुळापासून टोकाकडे दाबत या. आणि आता पंखे! एक समोर, एक मागे, एक खालून. खालचा विसरायचा नाही, मागच्या वेळी खालून वारा नव्हता आणि पोटच कुजलं. गरम ड्रायरने कातडी भाजते, वरचा थर वाळतो आणि आपण फसतो. रेडिएटरपाशी बसवूनही तेच होतं. दर 2 तासांनी कूस बदलायला लावा. वाळला का हे वरून बघू नका: काखेत, कानामागे, जांघेत बोटं घालून मुळाशी दाबा. गार लागलं म्हणजे ओलं आहे.

कान, नखं त्याच दिवशी उरकून टाका. दाढी तशीही रोज पुसावी लागते. अंथरूण कोरडं.

शेजारणीकडून मागून आणलेला पंखा रविवारी रात्री परत करू नका. सोमवारी दुपारपर्यंत लागेल.