चारशे डॉलरची पोस्ट आणि एफ-१ व्हिसा

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला घरी गेलो तेव्हा मामांनी चार पाहुण्यांसमोर विचारलं, "काय रे, अमेरिकेत आता कॉलेजच्या पोरांना कोटी कोटी देतात म्हणे. तुझे कुठं ठेवलेस?" त्याच्या काही महिने आधी माझ्या कॉलेजच्या गावातल्या न्हाव्यानं केस कापता कापता हेच विचारलं होतं, फक्त इंग्रजीत. दोन्ही वेळा हसून टाळलं. आता ज्युनिअर पोरांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन येतात, त्यातही हाच सूर. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी २०२१ ते २०२५ अमेरिकेत डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, टेनिस खेळलो. खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा, म्हणजे एनआयएल, १ जुलै २०२१ ला सुरू झाली. मी त्याच ऑगस्टमध्ये तिथं उतरलो. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला वाट करून देणारा हाउस खटल्यातला समझोता ६ जून २०२५ ला मंजूर झाला, तेव्हा माझी पदवी हातात होती. मी आलो तेव्हा पूर सुरू झाला, निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला, आणि मधली चार वर्षं मी कोरडाच.

प्रवेशाचं फार लांबवत नाही, ते सगळीकडे सापडतं. यूटीआर, म्हणजे टेनिस खेळाडूचं रेटिंग, किती हवा, कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या एलिजिबिलिटी सेंटरला, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या ऑफिसला, नोंदणी कशी करायची, हे तुम्हाला माहीत असणारच. एवढंच सांगतो की त्यांना नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात. नववीची गुणपत्रिका कोण जपून ठेवतो? माझी शाळेच्या जुन्या रजिस्टरमधून शिक्का मारून काढून आणावी लागली. त्यात आमच्या बॅचची बारावीची परीक्षाच झाली नव्हती, मूल्यमापनावर निकाल लागला, तो का ते समजावण्यात एक महिना गेला. आणि कोचला व्हिडिओ पाठवताना गाणं लावून, निवडक फटके जोडून पाठवू नका. कोर्टच्या मागून कॅमेरा लावा, सलग दोन-तीन गेम पाठवा, हरलेले पॉइंटही राहू द्या. मी १४० मेल टाकले, ११ उत्तरं आली. जी आली ती सगळी साध्या व्हिडिओनंतर.

एजंटबद्दल माझं मत कडवट आहे, तेव्हा थोडं जपून वाचा. फी घेऊन माहिती पाठवणारे चालतात. पण "स्कॉलरशिप मिळाली की तिच्या दहा टक्के द्या" म्हणणारा भेटला तर चहा न पिता उठा. फी स्कॉलरशिप मिळण्याशी बांधलेली असेल तर एनसीएएच्या नियमांत ते बसत नाही, आणि गोत्यात तो येत नाही, तुम्ही येता. दुसरे असतात आपले सर. "आधी एक-दोन वर्षं एम-१५ (व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या स्पर्धा) खेळ, रँकिंग आण, मग कॉलेज बघू." सरांचा हेतू चांगलाच असतो, पण माझ्या वेळी टेनिसचा नियम होता की बारावीनंतर सहा महिन्यांत प्रवेश घेतला नाही आणि स्पर्धा खेळत राहिलात, तर कॉलेजचा हंगाम कापला जातो. हे नियम बदलत राहतात, तुमच्या वर्षाचा नियम स्वतः वाचा. मला खरं मार्गदर्शन मिळालं ते तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका भारतीय मुलाकडून, रात्री दोन वाजता, व्हॉट्सॲपवर, फुकट. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला. आपल्याकडून गेलेली माणसं आहेत. तुमच्या ओळखीत असा एक तरी सीनिअर असतोच, त्याला शोधा.

आता 'फुल स्कॉलरशिप' या शब्दाबद्दल. माझ्या काळात डिव्हिजन वनच्या पुरुष टेनिस संघाला एकूण साडेचार स्कॉलरशिप होत्या आणि खेळाडू नऊ-दहा. भाकरीचे तुकडे करावेत तशी ती वाटली जायची. मला ६० टक्के आली, उरलेल्यासाठी बाबांनी कर्ज काढलं. मुलींच्या संघाला आठ होत्या, पूर्ण. समझोता स्वीकारलेल्या विद्यापीठांत आता ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त दहा जण, एवढीच अट राहिली. ऐकायला छान. पण मर्यादा उठली म्हणजे कोचच्या तिजोरीत पैसे आले असं नाही. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाला खेळाडूंना वाटायची कमाल रक्कम साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली, आणि त्यातला मोठा घास फुटबॉलचा (अमेरिकन, आपला पायानं खेळायचा नव्हे), मग पुरुष बास्केटबॉलचा. टेनिसच्या ताटात चटणी. काही विद्यापीठांनी तर याच पैशाची तोंडमिळवणी करताना टेनिसचे संघच बंद केले. म्हणून कोचला आकडा लेखी मागा: ट्यूशन किती, राहणं-जेवण किती, किती वर्षांसाठी. लाजू नका, अमेरिकन पोरं सर्रास विचारतात. आणि राहण्या-जेवणाच्या स्कॉलरशिपवर आपल्याला कर लागतो, साधारण १४ टक्के कापून घेतात, हे आधी कळलं असतं तर पहिल्या जानेवारीत मी मॅगीवर राहिलो नसतो.

बरं, आता माझा खड्डा.

दुसऱ्या वर्षी गावातल्या इंडियन ग्रोसरीवाल्या काकांनी मला गाठलं. गुजराती, मनानं मोठे, आमच्या घरच्या मॅचला येऊन बसायचे. म्हणाले, इन्स्टाग्रामवर दुकानाच्या दोन पोस्ट टाक, एका शनिवारी येऊन पोरांना सह्या दे, चारशे डॉलर देतो. आमच्या संघातल्या टेक्सासच्या मुलाला रॅकेट गटिंगच्या दुकानाकडून असंच काहीतरी मिळत होतं. कोचला विचारलं. कोच म्हणाले, "एनआयएल आहे, कायदेशीर आहे, फॉर्म भर." मी पोस्ट टाकली, चारशे घेतले आणि फॉर्मही भरला, अगदी ऐटीत.

आठवड्यानं विद्यापीठाच्या कंप्लायन्सच्या, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या ऑफिसच्या, बाईंचा फोन आला. पाठोपाठ आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसचा. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "यासाठी तुला कामाची परवानगी कुणी दिली?"

हे नीट समजून घ्या, मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. एनसीएए परवानगी देते ती खेळण्याची. एनआयएलचे पैसे घेतल्यानं तुमची खेळाडू म्हणून पात्रता जात नाही, एवढंच ते सांगतात. अमेरिकेत काम करून पैसे घ्यायची परवानगी ही वेगळी गोष्ट आणि ती वेगळ्या खात्याकडे. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, तुम्हाला कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. बाहेरचं काम करायचं तर बहुतेक वेळा सीपीटी किंवा ओपीटी, म्हणजे विद्यार्थ्यांना प्रशिक्षण म्हणून मिळणारी कामाची परवानगी, लागतं, आणि ते अभ्यासक्रमाशी जोडलेलं असावं लागतं. दुकानाची पोस्ट टाकणं हे काम. सह्या द्यायला बसणं हे काम. पैशाऐवजी महिनाभर फुकट थाळी घेतली, तरी मोबदला तो मोबदलाच. एक दार उघडं दिसलं म्हणून दुसरंही उघडं असेल असं मी धरून चाललो, आणि कोचनंही तेच धरलं. कोच वाईट नव्हते. त्यांना बॅकहँड कळतो, व्हिसा कळत नाही. व्हिसाचा प्रश्न कोचला विचारणं म्हणजे दाढ दुखते म्हणून न्हाव्याकडे जाणं.

मी पैसे परत केले, पोस्ट काढली, झाला प्रकार लिहून दिला. पुढचे तीन आठवडे फोन वाजला की पोटात गोळा. घरी सांगितलं नाही. त्यातच एक मॅच ६-१, ६-० हरलो. शेवटी निभावलं, कारण मी स्वतःहून फॉर्म भरला होता आणि पैसे लगेच फिरवले. लपवलं असतं तर आज हे लिहीत नसतो. माझं निभावलं म्हणून तुमचं निभावेल असं मात्र धरू नका.

मोठमोठ्यांचीही यात कुचंबणा झाली. पर्ड्यूचा झॅक ईडी दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉल खेळाडू ठरला, पण कॅनडाचा, एफ-१ वर. अमेरिकन खेळाडूसारखे करार त्याला तिथं बसून करता येईनात. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेनं संघ बहामाला गेला तेव्हा तिथं जाऊन एनआयएलची कामं उरकली. देशाबाहेर केलेलं काम ही वाट म्हणूनच बरेच जण सांगतात. सुट्टीत कोल्हापुरात येऊन एखाद्या ब्रँडचं शूट करणं त्यात मोडू शकतं, पण आधी डीएसओला (विद्यापीठात तुमच्या व्हिसाचं बघणारा अधिकारी) मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. विद्यापीठ थेट जे पैसे वाटतं ते एफ-१ वाल्यानं घ्यावेत की नाही, यावरही मी ज्या ऑफिसांत विचारलं तिथले वकील सावधच बोलले.

घाबरवायला लिहीत नाही. चार वर्षांत मी पदवी घेतली, फिजिओ फुकट, प्रवास फुकट, शूज मागावे लागले नाहीत. आपल्याकडे राज्य पातळीवर खेळताना मी एसटीनं बालेवाडीला जायचो आणि ग्रिप स्वतः गुंडाळायचो.

प्रेक्षकांचं म्हणाल तर शनिवारी फुटबॉलला अख्खं गाव लोटतं, आमच्या मॅचला साठ माणसं, त्यातली निम्मी निवृत्त, घडीच्या खुर्च्या घेऊन आलेली. फुटबॉलवाल्यांचं पोरांशी नातं आता आंबलंय. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दुसरीकडे गेला की गद्दार, राहिला आणि हरला की "एवढे पैसे घेतोस आणि?" टेनिसमध्ये वेगळीच तक्रार असते: परदेशी मुलं आमच्या पोरांच्या जागा खातात. डिव्हिजन वनच्या पुरुष टेनिसमध्ये अर्ध्याहून जास्त खेळाडू बाहेरचे आहेत, त्यामुळे ज्याच्या मुलाची जागा गेली त्या बापाचा राग मला समजतो. एकदा तिसऱ्या कोर्टवर दुसऱ्या सर्व्हच्या आधी मागून एकजण ओरडला, "हा किती घेतो?" वळून सांगावंसं वाटलं, साठ टक्के, बाकी बँक ऑफ बाबा. डबल फॉल्ट झाला.

ग्रोसरीवाले काका त्यानंतर मॅचला यायचे कमी झाले. व्हिसाचं मी त्यांना तीनदा समजावलं. त्यांना अजूनही वाटतं, मला चारशे कमी वाटले.