काफ्कात मेसेजचा क्रम टिकवायचा असेल तर
‘ऑर्डर रद्द’ हा मेसेज ‘ऑर्डर आली’च्या आधी पोचला, तर मेसेज साठवून पुढे पोचवणाऱ्या काफ्का या सिस्टिमला लगेच शिव्या घालू नका. टॉपिक म्हणजे एका विषयाच्या मेसेजची यादी, पार्टिशन म्हणजे तिचा एक तुकडा. काफ्का क्रम पाळतं ते एका पार्टिशनपुरतं, अख्ख्या टॉपिकचा नाही. ऑर्डर क्रमांकच ‘की’ (मेसेज कुठल्या पार्टिशनमध्ये जाणार हे ठरवणारी खूण) म्हणून द्या. त्या ऑर्डरचे सगळे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये रांगेत पडतील. प्रोड्यूसरवर, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर, आयडेम्पोटन्स (पुन्हा पाठवलेला मेसेज दोनदा नोंदला जाऊ नये याची सोय) चालू ठेवा. ते बंद असलं आणि एका कनेक्शनवर एकाहून जास्त रिक्वेस्ट वाटेत असल्या, तर फसलेली पुन्हा पाठवेपर्यंत मागची पुढे घुसते. चालू असेल तर वाटेत अशा 5 रिक्वेस्टपर्यंत बिनघोर चालतं. आणि हो, पार्टिशन घाईत वाढवू नका. 6 चे 8 केले की तीच ‘की’ भलत्याच पार्टिशनकडे जाऊ शकते, जुने मेसेज मात्र जुन्याच जागी पडून राहतात.