देवमासा बघायला जायचंय? आधी हतनूरला नजर तयार करा

आपल्याकडे तापी आहे, गिरणा आहे, पण समुद्र नाही, त्यामुळे जळगाव-धुळ्याची बरीच मंडळी मालवणला जाऊन बोटीत बसते आणि "काहीच दिसलं नाही भो" म्हणत परत येते. बऱ्याचदा समोर दिसत असतं, नजरेला सवय नसते. ती सवय इथंच लावता येते.

हिवाळ्यात सकाळी भुसावळजवळच्या हतनूर धरणावर जा आणि नदी सुरय हा पक्षी शोधा, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी, उडता उडता खाली बघत राहते आणि एकदम पाण्यात सूर मारते. तिच्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची, एवढी एकच प्रॅक्टिस करा, कारण मान खाली घालून दुर्बीण शोधायला गेलं की पक्षी गेलाच. दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची. 10 पटीची दुकानदार हमखास गळ्यात मारतो पण बोट हलते तेव्हा तिच्यात चित्र फार थरथरतं.

आता जायचं कुठे. मंगला एक्सप्रेस भुसावळ-जळगाववरून थेट कोकण रेल्वेला लागते, मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली बरं पडतं, तिकीट काढतांना थांबा तेवढा बघून घ्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात. मालवण-तारकर्लीला किनाऱ्याजवळ हम्पबॅक डॉल्फिन दिसतात. ब्राइड्स व्हेल हा देवमासा सिंधुदुर्गाच्या समुद्रात आहे, पण छोट्या फेरीत तो दिसेल ही आशा धरू नका. खरंच देवमाशासाठीच पैसे जमवत असाल तर श्रीलंकेचं मिरिसा, डिसेंबर ते एप्रिल, तिथे ब्लू व्हेल येतात, 20-25 मीटरचं जनावर, म्हणजे दोन एसटी एकामागे एक!

बोटीत बसल्यावर बोटीचं पुढचं टोक म्हणजे 12 वाजले असं धरा, बोटीची उजवी बाजू 3, डावी 9, मग "तिकडे तिकडे" ओरडण्यापेक्षा "2 वाजता" म्हटलं की सगळ्यांना कळतं. पाण्यात मासा शोधत बसू नका, आधी पक्षी बघा. सुरय आणि कुरव (सीगल) एका जागी घिरट्या घालून सूर मारायला लागले की खाली माशांचा थवा असतो आणि डॉल्फिनही बऱ्याचदा तिथेच. मोठी पिवळी चोच नि डोक्यावर विस्कटलेला काळा तुरा दिसला तर तो मोठा तुरेवाला सुरय. खोल समुद्रात पंख ताठ धरून लाटेला चिकटून जाणारा पक्षी दिसला तर शिअरवॉटर, तो दिसला की मला देवमाशाएवढाच आनंद होतो. व्हेल बहुतेक आधी श्वास सोडतांनाच्या फवाऱ्यावरून कळतो, ब्लू व्हेलचा सरळ उंच, 9 मीटरपर्यंत, स्पर्म व्हेलचा बुटका आणि पुढे डावीकडे कललेला. शेपटी वर काढून खाली गेला की 10-15 मिनिटं, स्पर्म व्हेल तर त्याहूनही जास्त वेळ, वर येत नाही, तेव्हा बसून घ्या, पाणी प्या, पण नजर पाण्यावर ठेवा.

पोटाचं सांभाळा. आदल्या रात्री तर्रीवाली शेवभाजी नको, आणि सकाळी उपाशीही नको, कोरडी भाकर नाहीतर टोस्ट खा. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बोटीच्या मधोमध बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाईल खिशात. लाइफ जॅकेटचे बंद नीट आवळा, लेकरांचे स्वतः तपासा.

आणि हे बोटवाल्या दादाला पैसे द्यायच्या आधीच सांगा, की डॉल्फिनच्या मागे बोट पळवू नका, दिसले की वेग कमी करा आणि लांबच थांबा, व्हेल असला तर निदान 100 मीटर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं हे जीव संरक्षित आहेत, आणि पिल्लू सोबत असेल तर आपल्या पाठलागानं त्याचं दूध पिणं, दम घेणं सगळं बिघडतं. गिऱ्हाईकच "जवळ घ्या" म्हणतं म्हणून ते घेतात, आपण नको म्हटलं तर ऐकतात. परत आल्यावर काय दिसलं, किती, किती वाजता, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पक्ष्यांची यादी ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) टाका.