बसलेल्या आकृतींचे अभिव्यक्तिवादी शाईचित्र कसे काढावे

बसलेल्या माणसाचे चित्र काढताना बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकून पडतात. अभिव्यक्तिवादी, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा भावनेला महत्त्व देणाऱ्या, रेखाटनात चेहरा शेवटी आला तरी चालतो. त्या माणसाने आपले ओझे कशावर टाकले आहे, हे मात्र आधी उतरायला हवे. १९०५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनला चित्रकार किर्शनर, हेकेल आणि त्यांच्या मित्रांनी स्थापन केलेल्या ‘डी ब्र्युके’ या गटातील चित्रकार दर १५ मिनिटांनी बैठक बदलणाऱ्या मॉडेलवरून झपाट्याने रेखाटने करीत, कारण वेळ थोडा असला की हाताला सफाई दाखवण्याची उसंत मिळत नाही.

बोरू, एक गोल कुंचला, काळी वॉटरप्रूफ शाई आणि दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा किंवा त्याहून जाड कागद एवढे साहित्य पुरते. टाकापेक्षा बोरू मला अधिक जवळचा वाटतो. त्यात शाई फार वेळ टिकत नाही, त्यामुळे ओली, भरदार निघालेली रेषा पुढे खरखरीत होत तुटते आणि त्या तुटण्यातच शरीराचा थकवा किंवा ताण दिसू लागतो.

पेन्सिलीचा आराखडा करू नये, कारण नंतर हात फक्त तो गिरवत राहतो. दोन व्यक्ती शेजारी बसवाव्यात आणि काही मिनिटे नुसते पाहावे: कोण पुढे झुकले आहे, कोणाचे कोपर गुडघ्यावर टेकले आहे, कोणी अंग चोरले आहे. मग मानेपासून पाठीवरून बैठकीपर्यंत जाणारी पहिली रेषा न थांबता ओढावी. दुसरी आकृती सुरू करण्यापूर्वी दोघांमधल्या मोकळ्या जागेचा आकार नीट पाहावा. ती जागा अरुंद केली की जवळीक किंवा घुसमट जाणवते, रुंद केली की अबोला.

आता अतिशयोक्ती. सगळेच वाकडे केले तर कशालाच अर्थ उरत नाही, म्हणून प्रत्येक आकृतीत एकच गोष्ट निवडावी, जसे की वर चढलेले खांदे किंवा मांडीवर विसावलेले प्रमाणाबाहेर मोठे हात, आणि बाकीचे साधे ठेवावे. खुर्चीचे एक-दोन पाय दाखवले तरी पुरे. रेषा चुकली तर ती खरवडू नये. शेजारी दुसरी ओढावी, दोन्ही राहू द्याव्यात.

रेषा पूर्ण वाळल्यावर पाण्यात विरळ केलेली शाई कुंचल्याने फक्त ओझे पडते तिथे, म्हणजे मांड्यांखाली आणि पोटाच्या घडीत लावावी, बाकी कागद पांढरा सोडावा. शाई वॉटरप्रूफ नसेल तर रेषा फुटून पसरेल. ते हवे असेल तरच करावे.

काम संपताच बोरू आणि कुंचला धुवावेत, कारण ही शाई एकदा सुकली की केसांच्या मुळाशी घट्ट बसते आणि कुंचल्याचे टोक पुन्हा जुळत नाही.