जुन्या ब्रिटिश रेल्वे छायाचित्रांचा काळ कसा ठरवावा आणि त्यांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

ब्रिटनच्या मुख्य लोहमार्गांवरील वाफेच्या इंजिनांची सेवा ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. त्या सुमारास हातात वही आणि पेन्सिल घेऊन फलाटाच्या टोकाला उभी राहणारी मुले आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी काढलेली असंख्य छायाचित्रे खोक्यांत पडून आहेत, ज्यांच्या मागे बहुधा काहीच लिहिलेले नसते. अशा छायाचित्राचा काळ आणि स्थळ ठरवणे हे एक काम आहे, आणि ते पाहून ज्याला काही आठवते त्याचे बोलणे टिपून ठेवणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकू नयेत, असे माझे ठाम मत आहे. आधी छायाचित्राला विचारावे आणि मग माणसाला, कारण एकदा कोणी "हे १९५८ चे" असे सांगितले की आपली नजर पुरावा शोधण्याऐवजी दुजोरा शोधू लागते.

प्रारंभ छायाचित्राच्या पाठीपासून करावा. शिक्का, पेन्सिलने लिहिलेला आकडा, कडेची कापणी, स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवरील छपाई हे सारे कोणतीही स्वच्छता करण्यापूर्वी स्कॅन करावे. छापील प्रतीसाठी ६०० डीपीआय (प्रति इंच बिंदू) पुरेसे असते, पण ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हसाठी किमान २४०० ठेवावे, कारण ज्यावर सगळे अवलंबून असते तो इंजिनाचा क्रमांक चित्रात अनेकदा तांदळाच्या दाण्याएवढाच असतो. निगेटिव्ह उलटी ठेवली गेल्यास आरशातल्यासारखे चित्र मिळते. क्रमांक वाचता येत नसेल तर ब्रिटनमध्ये दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावतात हे ध्यानात घेऊन पडताळणी करावी. शिवाय घरात सापडलेली प्रत घरातल्याच कोणी काढली असेल असे गृहीत धरू नये. लोकोमोटिव्ह पब्लिशिंग कंपनीसारख्या संस्था इंजिनांची छायाचित्रे विकत असत आणि हौशी मंडळी ती जमवत असत.

इंजिन काय सांगते

काळ ठरवण्यासाठी दोन तारखा पाठ असाव्यात. १ जानेवारी १९२३ रोजी शंभरहून अधिक खासगी कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या अस्तित्वात आल्या: एल.एम.एस. (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश), एल.एन.ई.आर. (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न), ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ रोजी त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज जन्माला आली. त्यानंतर इंजिनांना नवे क्रमांक मिळाले, आणि ढोबळमानाने सांगायचे तर सदर्नच्या इंजिनांच्या क्रमांकात ३०,०००, एल.एम.एस.च्या ४०,००० आणि एल.एन.ई.आर.च्या ६०,००० मिळवले गेले. ब्रिटिश रेल्वेजने स्वतः आखलेल्या मोठ्या प्रवासी इंजिनांची मालिका १९५१ मध्ये ७०००० क्रमांकाच्या 'ब्रिटानिया'पासून सुरू झाली. वाफेच्या इंजिनांचा वेगाचा विक्रम ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांवर नेणारे 'मॅलार्ड' तेव्हा ४४६८ होते, १९४६ मध्ये ते २२ झाले आणि राष्ट्रीयीकरणानंतर ६००२२. म्हणजे नुसता आकडा वाचला तरी छायाचित्र तीनपैकी कोणत्या कालखंडातले ते कळते. त्याच्या चाकांवरील निमुळते आवरण महायुद्धाच्या काळात काढून टाकले गेले, त्यामुळे आकडा पुसट असला तरी चाके उघडी आहेत की झाकलेली, एवढ्यावरूनही निष्कर्ष काढता येतो.

ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांपुढे मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्यांचे क्रमांक १९४८ नंतरही तेच राहिले. तेथे टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागील कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या, बाजूकडे पाहावे. कंपनीची आद्याक्षरे असतील तर काळ आधीचा असण्याची शक्यता अधिक. 'ब्रिटिश रेल्वेज' अशी पूर्ण अक्षरे असतील तर ती १९४८ नंतरच्या पहिल्या वर्षांची खूण आहे. चाकावर उभा असलेला सिंह त्यानंतर आला, आणि मुकुटातून वर येऊन पुढच्या पायांत चाक धरणारा सिंह १९५६ पासून. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या धूरपेटीच्या, दारावर खालच्या बाजूला लहान अंडाकृती पाटी दिसली तर ती भिंगाखाली जरूर पाहावी, कारण तीवर इंजिन ज्या शेडमध्ये (इंजिनघरात) ठेवले जाई त्याचा संकेतांक असतो: ८२सी म्हणजे स्विंडन, ३४ए म्हणजे किंग्ज क्रॉस. हे संकेतांकही बदलत असत. बाथ ग्रीन पार्कचे शेड काही वर्षे ७१जी होते आणि १९५८ मध्ये ८२एफ झाले.

इथे एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. नव्या खुणेवरून छायाचित्र अमुक तारखेच्या आधीचे नाही, हे निश्चित सांगता येते, परंतु जुन्या खुणेवरून ते अमुक तारखेनंतरचे नाही असे म्हणता येत नाही, कारण रंग, चिन्हे आणि पाट्या एका रात्रीत बदलत नसत. एखादे आडबाजूचे इंजिन रंगकामाच्या प्रतीक्षेत कित्येक वर्षे जुन्या अक्षरांसह धावत राही. प्रशासकीय बदलांच्या खुणा तुलनेने नेमक्या असतात. उदाहरणार्थ, तिसरा वर्ग ३ जून १९५६ रोजी दुसरा वर्ग झाला, तेव्हा डब्याच्या दारावर ३ हा आकडा दिसल्यास छायाचित्र बहुधा त्याआधीचे किंवा त्या संक्रमणाच्या काळातले असते.

इंजिनाच्या पुढील दिव्यांकडेही लक्ष द्यावे. दोन्ही बफरांवर एकेक दिवा म्हणजे जलद प्रवासी गाडी आणि धुराड्याखाली एकच दिवा म्हणजे साधी प्रवासी गाडी. सदर्न विभागात मात्र दिवे व पांढऱ्या तबकड्या मार्ग दर्शवत, गाडीचा प्रकार नव्हे. सदर्नचेच अभियंता बुलीड यांनी आखलेल्या मोठ्या इंजिनांवरील पत्र्याचे सपाट आवरण १९५६ पासून उतरू लागले, आणि त्यातले पहिले इंजिन होते ३५०१८. डिझेल इंजिनाच्या क्रमांकाआधी 'डी' असेल तर काळ बहुतेक साठीच्या दशकाच्या आसपासचा, आणि रेल्वेचे दुहेरी बाणांचे चिन्ह असेल तर १९६५ पासून पुढचा.

भोवतालचे तपशील

इंजिनाचे वेड असलेल्यांकडून एक चूक हमखास होते, ती म्हणजे ते इंजिनाखेरीज काहीच पाहत नाहीत. वास्तविक स्थानकाच्या आवारात उभी असलेली मोटार अनेकदा अधिक नेमकी साक्ष देते, कारण तिच्या क्रमांकाच्या शेवटी वर्ष दर्शवणारे अक्षर लावण्याची पद्धत १९६३ मध्ये सुरू झाली. सिग्नलचा हात खाली झुकलेला असेल तर ग्रेट वेस्टर्नचा प्रदेश असण्याची शक्यता मोठी, कारण इतरत्र वर उचलले जाणारे हात रूढ झाले होते. कोळशाच्या वाघिणीवर खाणमालकाचे किंवा व्यापाऱ्याचे नाव असेल तर ती परंपरा राष्ट्रीयीकरणापूर्वीची आहे. सावल्यांवरून दिशा कळते, आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवलेल्या ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या जुन्या नकाशांशी ती ताडून पाहिली की पूल, चर्चचा मनोरा आणि फाटा यांची जागा पुष्कळदा निश्चित होते.

माणसाला विचारताना

आता आठवणीकडे यावे. छायाचित्र हातात द्यावे आणि गप्प बसावे. आपण ठरवलेली तारीख सांगू नये, "हे क्रू स्थानक असावे ना?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये, आणि बोलणे सुरू झाल्यावर दुरुस्त करण्यासाठी मध्ये तोडू नये. पहिला प्रश्न चित्राबद्दल नसावा, तर चित्राबाहेरचा असावा: तुम्ही कुठे उभे होता, सोबत कोण होते, तिथवर कसे पोहोचलात? क्रमांक जमवणाऱ्या मुलांचे जग मोठे तपशीलवार होते. प्रकाशक इयन अॅलन यांच्या इंजिन-क्रमांकांच्या पुस्तिका १९४२ पासून निघू लागल्या आणि पाहिलेल्या इंजिनाखाली रेघ ओढणे हा त्या पिढीचा नित्यक्रम झाला. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. प्रथमच पाहिलेले इंजिन म्हणजे 'कॉप', मॅलार्डच्या जातीचे ते 'स्ट्रीक', बुलीडचे आवरणातले ते 'स्पॅम कॅन', आणि परवानगीविना शेडमध्ये शिरणे म्हणजे 'बंकिंग'. हे शब्द प्रमाण भाषेत बसवले की बोलणाऱ्याचा आवाज निघून जातो.

रेल्वेत नोकरी केलेल्यांना मात्र निराळे विचारावे लागते. सफाई कामगार, मग फायरमन, मग चालक अशी ती दीर्घ शिडी होती, आणि त्या माणसाला इंजिनाच्या क्रमांकापेक्षा ते वाफ नीट धरत होते की नाही, पहाटे कितीला हजेरी लागे, परगावी रात्र कुठे काढावी लागे हे अधिक स्पष्ट आठवते. बंद पडलेल्या मार्गांबाबतही असेच सांगता येईल. २७ मार्च १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली, आणि त्यानंतर जे मार्ग बंद झाले त्यांच्या अखेरच्या दिवसाची छायाचित्रे व आठवणी विपुल आहेत. दुर्मीळ आहे तो एखादा सामान्य मंगळवार, म्हणून तोच विचारावा.

आठवण आणि पुरावा जुळत नाहीत तेव्हा काय करावे? समजा, कोणी सांगते की १९५८ च्या उन्हाळ्यात सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्गावर आईवडिलांसोबत बोर्नमथला जाताना गाडीला 'ईव्हनिंग स्टार' हे इंजिन होते. हे शक्य नाही, कारण ९२२२० क्रमांकाचे ते इंजिन मार्च १९६० मध्ये स्विंडनला तयार झाले. परंतु १९६२ मध्ये ते खरोखरच त्या मार्गावर धावले आणि ८ सप्टेंबरला त्याच मार्गावरील शेवटची पाइन्स एक्सप्रेस त्यानेच ओढली. तेव्हा बहुधा दोन प्रवास एकमेकांत मिसळले आहेत, आणि दोन्ही खरे असू शकतात. अशी आठवण खोडू नये. ती जशी सांगितली तशी लिहावी, विसंगती शेजारी स्वतंत्रपणे नोंदवावी आणि सांगणाऱ्याला दुसऱ्या प्रवासाबद्दल विचारावे. चुकीच्या तारखेमागून अनेकदा असे काही हाती लागते जे योग्य तारखेने कधीच मिळाले नसते.

नोंद तीन भागांत ठेवावी: चित्रात प्रत्यक्ष दिसते ते, त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष व त्याचे कारण, आणि कोणी, कोणत्या दिवशी, काय सांगितले ते. ध्वनिमुद्रण केले असेल तर ते न कापता जपावे आणि त्याच्या फाइलला छायाचित्राचाच क्रमांक द्यावा. मूळ प्रतीच्या पाठीवर फक्त मऊ पेन्सिलने, तेही कडेला, तो क्रमांक लिहावा.

प्रसिद्धीचा विचार असेल तर ब्रिटिश कायद्यानुसार स्वामित्वहक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो आणि प्रत विकत घेतल्याने तो आपल्याकडे येत नाही, हे लक्षात घ्यावे. संग्रह सांभाळणे अशक्य झाल्यास यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे किंवा संबंधित मार्गाच्या जतन संस्थेकडे चौकशी करावी, आणि तेव्हा छायाचित्रांसोबत या तिन्ही भागांतील नोंदीही द्याव्यात.