क्लोरप्रोमाझिन मोजताना या चुका टाळा

क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधाच्या गोळीचे यूव्ही मापन (अतिनील प्रकाश किती शोषला जातो यावरून औषध मोजणे) सोपे असते, या समजापायीच ते बिघडते. हे औषध उजेडात टिकत नाही, त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फॉक्साइड बनते. तरीही भरलेले फ्लास्क खिडकीशेजारी ठेवून जेवायला जाणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. एका महाविद्यालयात सकाळच्या स्टँडर्डवर (माहीत प्रमाणाच्या तुलनेच्या द्रावणावर) दुपारी वाचलेल्या गोळ्यांत औषध कमी भरले आणि उत्पादकाला दोष देणारा अहवालही लिहून तयार होता. केवळ मापनाच्या २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आकड्यावर न थांबता मी २२० ते ४०० चा पूर्ण स्कॅन घ्यायला लावला, तेव्हा ३४० च्या आसपास ताज्या द्रावणात नसलेला, सल्फॉक्साइडचा उंचवटा स्पष्ट दिसला. फ्लास्कला फॉइल गुंडाळायला मिनिटही लागत नाही. स्टँडर्ड आणि नमुना मी एकाच वेळी बनवतो आणि लागोपाठ वाचतो.

क्युव्हेट (मापनासाठी द्रावण भरायची छोटी पारदर्शक कुपी) क्वार्ट्झचीच हवी, कारण साधी काच या तरंगलांबीला प्रकाश अडवते. वीस गोळ्यांचे वजन करून भुकटी करण्याऐवजी दोन गोळ्यांवर भागवू नये. गाळलेल्या द्रावणाचे पहिले काही मिलिलिटर टाकून द्यावेत.

खरा वैताग येतो तो प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तपेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या, प्रकरणात. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ टक्का द्रावणाचा, १ सेंटिमीटर क्युव्हेटमधला ॲब्सॉर्बन्स (प्रकाश शोषण्याचे माप) २५४ नॅनोमीटरला ९१५ धरतात; म्हणजे मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमला तो जेमतेम ०.०९ येतो. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात मात्र हे औषध मिलिलिटरमागे साधारण ३० ते ३०० नॅनोग्रॅमच्या घरात असते. त्यातल्या १०० नॅनोग्रॅमचा ॲब्सॉर्बन्स ०.००९ होतो, आणि प्लाझ्मातून उरलेले इतर पदार्थ त्याहून कितीतरी जास्त शोषतात. तरीही प्लाझ्मात मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम औषध स्वतः मिसळायचे, ९९ टक्के रिकव्हरी (मिसळलेल्यापैकी परत सापडलेला वाटा) दाखवायची आणि शीर्षकात ‘जैविक द्रवांतील मापन’ लिहायचे, ही पळवाट सर्रास चालते. परीक्षक म्हणून मी आधी रुग्णातली पातळी विचारतो, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

ज्यांना तरीही करायचेच आहे त्यांनी प्लाझ्मा अल्कधर्मी करून औषध हेक्झेनमध्ये काढावे, पुन्हा आम्लात ओढावे, आणि औषध नसलेला प्लाझ्मा याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन त्याचाच ब्लँक (शून्य धरायचे द्रावण) ठेवावा. नुसत्या आम्लाच्या ब्लँकवर आलेला आकडा मी वाचतही नाही. रुग्णाचा नमुना असेल, तर तो थेट एलसी-एमएसकडे (घटक वेगळे करून वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्राकडे) पाठवावा.